ऋतूंचे ऊन

प्रकाश आजवर कोणीही पाहिलेला नाही. हे विधान विक्षिप्त वाटेल; परंतु क्षणभर विचार केला म्हणजे त्यातील तथ्य पटते. आपण पाहतो ती भिंत, झाडाचे पान, समोरच्या माणसाचा चेहरा. ह्या वस्तूंवर आपटून प्रकाश आपल्या डोळ्यांत शिरला की ‘उजेड आहे’ असे आपण म्हणतो. त्याच्या वाटेत काहीच आडवे आले नाही, तर तो आपल्या डोळ्यांसमोरून खुशाल निघून जाईल आणि आपल्याला त्याची वार्ताही लागणार नाही. जुन्या घराच्या माजघरात भर दुपारी कौलांच्या फटीतून उन्हाचा जो तिरपा खांब उतरतो, तो खांब दिसतो तो त्यात तरंगणाऱ्या धुळीमुळे. धूळ नसती तर खाली सारवलेल्या जमिनीवर कवडशाचा ठिपका तेवढा दिसला असता. खांब दिसला नसता.

आपल्या पूर्वजांची ह्या धुळीशी चांगली ओळख होती. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात वजनांचे कोष्टक दिले आहे. त्याचा प्रारंभच झरोक्यातून येणाऱ्या सूर्यकिरणांत दिसणाऱ्या सूक्ष्म रजापासून होतो. ह्या रजाला नाव त्रसरेणू. आठ त्रसरेणूंची एक लिक्षा, तीन लिक्षांचा एक राजसर्षप, असे चढत चढत ते कोष्टक सोन्यारुप्याच्या वजनांपर्यंत जाऊन पोहोचते. सोन्याच्या मोजदादीचा पाया धुळीच्या कणावर घालणाऱ्या त्या शास्त्रकाराचे मला नेहमी कौतुक वाटत आले आहे. खेड्यातल्या माणसाने तर ह्या धुळीला मुहूर्ताचाच मान दिला. रानातून परतणाऱ्या गाईंच्या खुरांनी धुरळा उडतो, त्यावर मावळते ऊन पडते, आणि सारा गावशिवार सोन्याच्या पुटात बुडाल्यासारखा दिसतो. त्या वेळेला आपण गोरज म्हणतो व त्या वेळेवर लग्ने लावतो. हवेतील कणांवर पडलेल्या प्रकाशाला इतके मंगल नाव देणारी भाषा आपली आहे, ह्याचा मला थोडा अभिमानही आहे.

मी रसायनशास्त्राचा अध्यापक. प्रकाश हा विषय पदार्थविज्ञानाच्या मालकीचा, अशी आमच्या महाविद्यालयातील वाटणी आहे आणि ती मी मुकाट्याने मान्य केली आहे. तथापि, ऊन कोणत्या ऋतूत कोणत्या रंगाचे पडावे, हे ठरविण्यात रसायनाचा हात किती मोठा आहे, हे पाहिले म्हणजे ती वाटणी मला अन्यायाची वाटू लागते.

आकाशाच्या रंगाची चौकशी पद्धतशीरपणे सुरू केली ती जॉन टिंडॉलने, १८६९ च्या सुमारास. काचेच्या नळीत काही वाफा भरून त्याने त्यांत प्रखर प्रकाश सोडला. वाफेतून अतिसूक्ष्म कण निर्माण झाले आणि नळीत निळा ढग दिसू लागला. कण वाढत गेले तसतसा तो ढग पांढरा पडत गेला. पुढे लॉर्ड रॅले ह्या नावाने प्रसिद्धीस आलेल्या विद्वानाने १८७१ पासून ह्याचे गणित मांडले. प्रकाशलहरीच्या मानाने फारच लहान असलेले कण निळा प्रकाश तांबड्याच्या सुमारे चौपट प्रमाणात विखुरतात. एवढेच नव्हे, तर आकाशाच्या निळाईसाठी धुळीची गरजच नाही, हवेचे स्वतःचे रेणू तेवढ्याला पुरेसे आहेत, हेही १८९९ साली त्याने दाखवून दिले. वाचकांनी हा मुद्दा लक्षात ठेवावा; त्याचे काम पुढे पडणार आहे.

राहता राहिले ते लहरीच्याच मापाचे कण. त्यांचा हिशेब १९०८ साली एका जर्मन प्राध्यापकाने सोडविला. सोन्याचे अतिसूक्ष्म कण पाण्यात तरंगत असता ते पाणी माणकासारखे तांबडे का दिसते, हा त्याचा प्रश्न होता. त्याचे नाव गुस्टाफ मी. ‘मी’चा सिद्धांत मराठीतून सांगताना दर वर्षी वर्गात हशा पिकतो आणि हा सिद्धांत सरांचाच आहे की काय, अशी शंका मागच्या बाकावरून हमखास येते. मला ती आवडते. जगात इतक्या ठिकाणी मीपणा नडत असता, एका ठिकाणी तरी ‘मी’मुळे डोळे उघडतात!

ह्या सिद्धांताचा सारांश असा की, कण प्रकाशाचे काय करील हे त्याच्या आकारमानावर जितके अवलंबून आहे तितकेच तो कशाचा बनलेला आहे ह्यावरही आहे. मिठाचा किंवा सल्फेटाचा कण हा सज्जन सावकारासारखा. त्याने शंभर किरण अडविले तर तो जवळजवळ शंभरच्या शंभर बाहेर फेकतो, फक्त दिशा बदलून. काजळीचा कण अडविलेल्या शंभरांपैकी जेमतेम पंचवीस परत करतो. उरलेले गिळून स्वतः तापतो आणि भोवतालची हवा तापवितो. मातीचा कण ह्या दोघांच्या मधला. शिवाय कोणाला पाण्याची तहान आहे व कोणाला नाही, हाही भेद आहेच. एवढी सामग्री घेऊन आपण वर्षाची फेरी करू.

चैत्र-वैशाखात आकाश निळे राहत नाही; ते पांढुरके होते. ह्या दिवसांत थरच्या वाळवंटातून आणि अरबस्तानातून समुद्र ओलांडून धूळ येते. तिचे कण लहरीच्या मानाने मोठे असतात, म्हणून ते सर्व रंगांना जवळजवळ सारखेच विखुरतात आणि सगळे रंग एकत्र आले की पांढरेच होणार. पण त्या पांढऱ्यात एक पिवळसर झाक असते, ती लोखंडाची. धुळीतील लोहाची ऑक्साइडे निळा प्रकाश शोषून घेतात. ज्या गेरूने आपण तुळशीवृंदावन रंगवितो, त्याचाच हा विरळ लेप आकाशावर बसलेला असतो. ही धूळ ऋतूची मर्यादा पाळतेच असेही नाही. २३ जानेवारी २०२२ रोजी, म्हणजे ऐन थंडीत, ती पाकिस्तान-गुजरातकडून मुंबई-पुण्यावर उतरली आणि रस्त्याकडेच्या मोटारींवर पिठी चाळल्याप्रमाणे पांढरा थर बसला. त्याच उन्हाळ्यात मावळात व कोकणात शेतकरी राब भाजतात. पालापाचोळा, गोवऱ्या, कवळे हे सारे धुमसत जळते आणि त्यातून जे डांबरी सेंद्रिय पदार्थ निघतात ते काजळीसारखे काळे नसून तपकिरी असतात. तेही निळा रंग खातात. चहाच्या अर्कातून पाहिल्यावर दिवा जसा दिसेल, तसा मग त्या धुरातून सूर्य दिसतो.

मृग लागला की हे सर्व धुऊन जाते आणि वारा समुद्राकडून मीठ घेऊन येतो. लाटांच्या फेसाचे बुडबुडे फुटतात, त्यांचे तुषार सुकतात आणि मिठाचे कण घाट चढून आपल्याकडे येतात. पावसाळ्यात स्वयंपाकघरातील बरणीतले मीठ ओले होते, हे प्रत्येक गृहिणीस ठाऊक आहे. हवेतील आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांवर गेली की शुद्ध मिठाचा कोरडा कण पाणी ओढून स्वतःच विरघळतो आणि त्याचा व्यास सुमारे दुप्पट होतो. बरणीत जे घडते तेच आकाशात घडते. ह्या फुगलेल्या थेंबांनी उजेड चोहोकडे सारखा पसरतो; म्हणून आषाढातल्या उजेडाला दिशा नसते, सावलीला धार नसते आणि भर दुपारीही घरात दुधाळ प्रकाश असतो. मात्र मोठी सर येऊन गेल्यावर हे थेंबही खाली येतात. मग श्रावणात ढगांच्या फटीतून जे ऊन पडते ते इतके धुतलेले असते की समोरच्या टेकडीवरील एकेक झुडूप मोजून घ्यावे.

आश्विनात हे धुतलेपण शिगेस पोहोचते. पाऊस सरलेला असतो, पण जमिनीत ओल असल्यामुळे धूळ अजून उठलेली नसते. हवेत अडविणारे फारसे कोणी नसल्यामुळे सूर्याचा प्रकाश थेट येतो आणि बाजूने येणारा कमी. म्हणून उन्हाला सुरीसारखी धार असते व सावल्या काळ्याभोर पडतात. हस्ताचे ऊन अंगाला झोंबते ते काही उगाच नव्हे. दिवाळीची दारू उडाली की ह्या निर्मळपणाला पहिले गालबोट लागते. लाल फुलबाजीतील स्ट्राँशियम आणि हिरवीतील बेरियम ही रात्रीपुरती डोळ्यांचे पारणे फेडतात व सकाळी हवेत तशीच राहतात.

मग येतो हेमंत, माझा लाडका ऋतू. वारा आता ईशान्येकडून, म्हणजे जमिनीवरून वाहतो. रात्री जमीन थंड होते, तिला लागून असलेली हवा थंड व जड होते आणि वरची उबदार हवा तिच्यावर झाकणासारखी बसते. गावचा व शहराचा सारा धूर ह्या झाकणाखाली कोंडतो. कोळशातील व तेलातील गंधक हवेत जाऊन अम्ल होते आणि अमोनियाशी मिळून त्याचे अमोनियम सल्फेट बनते. शेतकरी पोत्यातून आणतो तेच खत. मोटारींच्या धुरापासून अमोनियम नायट्रेट होते. हे नायट्रेट मोठे लहरी आहे. उन्हाळ्याच्या उष्णतेत ते विघटून वायुरूप होते आणि थंडीत पुन्हा कणरूप घेते. उत्तर हिंदुस्थानातील हिवाळी धुरकट इतके दाट होते ते अंशतः ह्याच्या जोरावर. ह्या साऱ्यात चुलींची, भट्ट्यांची व इंजिनांची काजळी मिसळलेली असते.

ह्या मिश्रणातून हेमंतातली संध्याकाळ तयार होते. ती ज्याने खेड्यात पाहिली आहे त्याला तिचे वर्णन सांगावे लागत नाही. गावावर धुराचा एक आडवा पट्टा तरंगत असतो. डोंगराच्या काळ्या अंगावर तो निळा दिसतो आणि तोच धूर कड्याच्या वर जाऊन उजळ आकाशाच्या पुढे आला की तपकिरी दिसतो. धूर एकच, डोंगरापुढे आपण त्याने विखुरलेला प्रकाश पाहतो, आकाशापुढे त्यातून गाळून उरलेला. सूर्य तांब्याच्या ताटासारखा होतो व त्याच्याकडे उघड्या डोळ्यांनी पाहता येते. दूरच्या डोंगररांगा एकीमागे एक फिकट होत जातात. आमच्या चित्रकार मित्राचे म्हणणे असे की, हा धूर नसता तर जलरंगातील निसर्गचित्राचा निम्मा धंदा बसला असता.

आता मुद्द्याची गोष्ट. फेब्रुवारी-मार्च १९९९ मध्ये हिंदी महासागरावर अनेक देशांच्या शास्त्रज्ञांनी जहाजे, विमाने व मालदीव बेटांवरील एक वेधशाळा ह्यांच्या साहाय्याने ह्याच हिवाळी धुराची पाहणी केली. त्यांना आढळले की, समुद्रावर हजारो मैल पसरलेल्या त्या तपकिरी आवरणातील सुमारे ८० टक्के भाग मनुष्याच्या उद्योगांतून आलेला आहे. पण कोणत्या उद्योगांतून? चुलीतून की मोटारीतून? ह्याचे उत्तर शोधण्यासाठी २००६ च्या हिवाळ्यात नमुने गोळा केले गेले ते मालदीवच्या एका बेटावर आणि आपल्या सिंहगडावर. तानाजीच्या ह्या गडावर हवेची झडती घेतली जावी, ही कल्पना मला फार हृद्य वाटते.

झडतीची युक्ती शुद्ध रसायनाची आहे. जिवंत झाडाच्या अंगी किरणोत्सारी कार्बन थोड्या प्रमाणात असतो व झाड मेल्यावर तो ५,७३० वर्षांत निम्मा होतो. कोट्यवधी वर्षे जमिनीत पडलेल्या कोळशात व तेलात तो मुळीच उरलेला नसतो. काल तोडलेल्या लाकडात आणि आज थापलेल्या गोवरीत तो पुरेपूर असतो. तेव्हा कण आपले कुळ स्वतःच सांगतो. १९०८ साली ‘मी’ने कणाचा रंग वाचायला शिकविले, शंभर वर्षांनी, २००९ साली प्रसिद्ध झालेल्या ह्या संशोधनाने कणाची वंशावळ वाचली. त्या हवेतील कार्बनयुक्त कणांपैकी दोनतृतीयांश लाकूड, शेण, पालापाचोळा ह्यांच्या जळण्यातून आलेले निघाले.

तो निबंध वाचला तेव्हा माझ्यापुढे आकडे राहिले नाहीत. मला माझी आई दिसली. सिंहगडाच्या दक्षिणेला, भोरकडच्या एका खेड्यात, लग्न होऊन आल्यापासून घरात गॅस येईपर्यंतची सव्वीस वर्षे ती दोन वेळ चुलीपुढे बसली. स्वयंपाकघराला एकच झरोका. त्यातून जो धूर बाहेर पडे तो आमचा हेमंत. आणि जो बाहेर पडत नसे तो तिचा. फुंकणी बाजूला ठेवून पदराने डोळे पुसत ती भाकरी थापी. पन्नाशी ओलांडते न ओलांडते तोच तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरले. ते धुरानेच आले असे मी म्हणणार नाही. एका माणसाच्या बाबतीत तसे सिद्ध करता येत नाही. पण चुलीचा धूर आणि मोतीबिंदू ह्यांचा संबंध अनेक पाहण्यांतून दिसून आला आहे आणि तो दिसल्यावर मुलाच्या मनाला जे वाटायचे ते वाटल्यावाचून राहत नाही.

मोतीबिंदूने डोळ्याचे भिंग केवळ गढूळ होत नाही. ते पिवळे पडते आणि निळा रंग अडविते. म्हणजे राबाचा तपकिरी धूर जे आकाशात करतो तेच डोळ्याच्या आत घडते. ही वाढ इतकी सावकाश होते की, जग पिवळे झाले हे माणसाच्या ध्यानातही येत नाही. पहिल्या डोळ्याची शस्त्रक्रिया होऊन पट्टी निघाली तेव्हा आई खिडकीशी उभी राहिली व बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “अरे, आभाळ एवढं निळं असतं होय? मी आपली म्हणत होते, अलीकडे आभाळच मळलंय.” नंतर तिने एक डोळा झाकून, मग दुसरा झाकून, दोन्ही आभाळे लहान मुलासारखी पुन्हा पुन्हा ताडून पाहिली. मी वर्गात प्रकाशशोषणाचे धडे कितीतरी वेळा दिले आहेत. त्या दिवशीइतका तो धडा मला कधी कळला नव्हता.

तेव्हापासून हेमंतातल्या संध्याकाळकडे पाहताना माझ्या मनात दोन माणसे भांडतात. एक म्हणतो, हे सौंदर्य खरे आहे. तांबूस सूर्य, निळा पट्टा, फिकट होत जाणारे डोंगर ह्यांवर माझे बालपण पोसले गेले. ते खोटे कसे म्हणू? दुसरा विचारतो, ह्याचे बिल कोणी भरले? ह्या भांडणात मी कोणाचीही बाजू पूर्णपणे खोडू शकलेलो नाही. सौंदर्य खरे आहे आणि बिलही खरे आहे. ज्याने पाहिले त्याने ते भरले नाही, एवढेच.

ह्या प्रश्नाला आणखी एक पीळ आहे आणि तो टाळणे अप्रामाणिकपणाचे होईल. हे कण सूर्याचा काही प्रकाश जमिनीपर्यंत येऊच देत नाहीत. पुण्यातील पाषाणच्या उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेतील संशोधकांनी २००७ साली दाखविले की, १९८१ ते २००४ ह्या काळात हिंदुस्थानातील बारा ठिकाणी जमिनीवर पोहोचणारा सूर्यप्रकाश सरासरीने दर चौरस मीटरमागे वर्षाला ०.८६ वॅट इतका कमी होत गेला. म्हणजे आपल्या धुराने आपल्यावरच एक छत्री धरली आहे आणि तापत चाललेल्या पृथ्वीचा काही ताप त्या छत्रीने झाकला आहे. हवा स्वच्छ केली तर ती छत्री मिटेल व ऊन अधिक तापेल. हे ऐकून काही चतुर लोक म्हणतात, मग असू द्या की धूर! मला हा युक्तिवाद पटत नाही. एक तर काजळी ही छत्री असली तरी निखाऱ्यांची आहे; ती खाली सावली करते आणि वर हवा तापविते. दुसरे, सल्फेटाची पांढरी छत्री झाली तरी तिचा दांडा कोणाच्या तरी फुफ्फुसात रोवलेला असतो. उन्हाचा उपाय उन्हाशी करावा, म्हणजे ज्या वायूंनी ताप वाढविला आहे ते आवरावेत. आईच्या डोळ्यांशी त्याचा सौदा करू नये.

चुली कमी होत आहेत, ही गोष्ट समाधानाची. २०१६ पासून गरीब घरांतून गॅसच्या जोडण्या देण्याची मोहीम चालली. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत स्वयंपाकासाठी स्वच्छ इंधन वापरणारी कुटुंबे ५८.६ टक्के आढळली. खेड्यांत हे प्रमाण सुमारे ४३ टक्केच होते आणि जोडणी असूनही टाकी परवडत नाही म्हणून चूल पेटते, हेही खरे आहे. काम अर्धे राहिले आहे. पण ते पुरे झाले म्हणजे हेमंतातली संध्याकाळ बदलणार. निळा पट्टा विरळ होईल, सूर्याकडे डोळे उघडून पाहता येणार नाही, आमच्या चित्रकार मित्राला नवा विषय शोधावा लागेल. मला त्या पट्ट्याची आठवण येईल. ती येईल तेव्हा मी ती दडविणार नाही. आणि पट्टा परत यावा असेही म्हणणार नाही.

कारण १८९९ साली रॅलेने जे दाखविले ते माझ्या मनात आहे. सगळी धूळ, सगळा धूर, सगळे मीठ हवेतून काढून घेतले तरी आकाश रिकामे होत नाही. ते निळे उरते. तो रंग हवेचा स्वतःचा आहे. आईने खिडकीशी उभी राहून पाहिला तो तोच. त्या निळ्यासाठी कोणालाही चुलीपुढे बसावे लागत नाही.